व्यसन-अभ्यासाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम : पैसा कोणाचा, समन्वय कोणाकडे?

व्यसनमुक्तीच्या कामासाठी माणसे घडवणारा अभ्यासक्रम सुरू करायचा, असे समाजकार्य किंवा मानसशास्त्र विभागात ठरले की पहिली चर्चा बहुधा कोणते विषय शिकवायचे यावर होते. माझ्या मते ती सर्वांत शेवटी व्हावी. अभ्यासक्रमाचा खर्च कोण उचलणार आणि विद्यापीठ, विभाग व व्यसनमुक्ती केंद्र यांची सांगड रोजच्या रोज कोण घालणार, हे आधी ठरले पाहिजे. गरज सिद्ध करत बसण्याचे कारण उरलेले नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणते तरी उपचार मिळाल्याचे त्यात आढळले.

विभागप्रमुखापुढे प्रामुख्याने तीन वाटा असतात. पहिली शासकीय प्रशिक्षणाची. दिल्लीची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था आणि तिच्याशी जोडलेल्या संस्था व्यसनमुक्ती केंद्रांतील कर्मचाऱ्यांसाठी वर्ग घेतात; १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राची जबाबदारी सांभाळली आहे. येथे खर्च शासन करते आणि शिकवणारी माणसे रुग्णांत वावरलेली असतात, ही फार मोठी जमेची बाजू आहे. मात्र हे वर्ग मुळात कामावर असलेल्यांसाठी आहेत. त्यांतून पदवी मिळत नाही.

दुसरी वाट स्वयंअर्थसहाय्यित पदव्युत्तर पदविकेची. विद्यापीठाची मान्यता मिळते आणि विषय ठरवण्याचे स्वातंत्र्य राहते, पण सगळा डोलारा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभा असतो. शुल्क भरणारा विद्यार्थी कोण, हे विसरून चालणार नाही. व्यसनमुक्ती केंद्रात तुटपुंज्या मानधनावर समुपदेशकाचे काम करणारी व्यक्ती मोठे शुल्क भरू शकत नाही, आणि शुल्क कमी ठेवले तर सर्वप्रथम कात्री लागते ती समन्वयकाच्या मानधनाला. मग ते काम एखाद्या कनिष्ठ सहायक प्राध्यापकाच्या माथी अतिरिक्त म्हणून येते आणि त्या व्यक्तीची बदली किंवा बढती झाली की अभ्यासक्रम पोरका होतो.

तिसरी वाट आंतरराष्ट्रीय पाठ्यक्रमाची. कोलंबो योजना या आशिया-प्रशांत देशांच्या आंतरसरकारी संस्थेच्या माध्यमातून, मुख्यतः अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या निधीतून, उपचार आणि प्रतिबंध या दोन्ही विषयांचे सार्वत्रिक पाठ्यक्रम तयार झाले, आणि ते विद्यापीठांत रुजावेत म्हणून २०१६ मध्ये विद्यापीठांचा एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. तयार साहित्य हाती येते, प्रशिक्षक घडवण्याची पद्धतही बसलेली आहे, त्यामुळे नव्या विभागाचे बरेच श्रम वाचतात. परंतु २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश काढला, तेव्हा एकाच देशाच्या तिजोरीवर विसंबणे किती जोखमीचे असते ते जगभरच्या संस्थांनी अनुभवले. शिवाय घरगुती दारू, गुटखा, मिश्री, सासरमाहेरची ओढाताण हे सारे आपल्यालाच मराठीतून लिहून त्यात घालावे लागेल. साहित्य जरूर घ्यावे. वेतनाचा भार मात्र त्या निधीवर टाकू नये.

या तिन्ही वाटांच्या अंदाजपत्रकांत एक खर्च सहसा दिसत नाही, तो म्हणजे क्षेत्रकार्याच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी केंद्रात जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाच्या, देखरेखीचा. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) ३० तास धरले, तर १२ श्रेयांकांचे ३६० तास होतात. विद्यार्थी २० असतील आणि दर १२ तासांमागे एक तास अनुभवी समुपदेशकाने प्रत्येकासोबत बसून चर्चा करायची म्हटली, तर वर्षाला ६०० तास लागतात. म्हणजे ३०० दिवस, रोज दोन तास. हे तास केंद्राकडून फुकट मागितले जातात. एका केंद्रातील कुटुंबसभेत मी हे जवळून पाहिले आहे. रुग्णाची पत्नी मंगळसूत्र गहाण पडल्याचे नुकते सांगू लागली होती. तेवढ्यात नव्या रुग्णाला दाखल करून घेण्यासाठी समुपदेशकाला उठावे लागले, आणि कोपऱ्यात नोंदवही घेऊन बसलेली विद्यार्थिनी त्या बाईसमोर एकटी उरली. तिने वहीत काहीच लिहिले नाही. त्या संध्याकाळी तिच्याशी बोलायला कोणाकडे वेळ नव्हता.

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने ‘अॅडिक्टॉलॉजी’ (व्यसनशास्त्र) ही स्वतंत्र पदवी सुरू केली आणि चेक कायद्याने तिला आरोग्यसेवेतील स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता दिली, त्यामुळे पदवी आणि नोकरी यांचा दुवा तेथे जुळला. आपल्याकडे समुपदेशकाच्या पदासाठी सर्वसाधारणपणे समाजकार्याची किंवा मानसशास्त्राची पदवीच पाहिली जाते. म्हणून नवी स्वतंत्र पदवी काढण्याची घाई मी करणार नाही.

ज्या विभागाच्या जवळ चांगले केंद्र आहे, त्याने आधी त्या केंद्राशी लेखी करार करावा, त्यात देखरेखीच्या तासांचे मानधन आकड्यांत लिहावे, समन्वयकाचे किमान तीन वर्षांचे वेतन विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून मंजूर करून घ्यावे आणि मगच पदविकेचा प्रस्ताव अभ्यास मंडळापुढे ठेवावा. यातले एक जरी जमत नसेल, तर एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्यांसाठी चार श्रेयांकांचा ऐच्छिक विषय सुरू करून मोजक्या सहा विद्यार्थ्यांना केंद्रात पाठवावे. सहाजणांशी रोज संध्याकाळी बोलणे एका समुपदेशकाला झेपते.