ताडोबाची जिप्सी सफारी: गेट, महिना आणि गाईड पाहून घ्या

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या जिप्सी सफारीला पाचपैकी चार गुण. वाघ दिसला की पाच आणि नाही दिसला की एक, अशा हिशेबाने लिहिलेल्या परीक्षणांचा ढीग पडलाय, पण त्यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. आपण पैसे मोजतो ते साधारण चार तासांच्या प्रवेशाचे, गाडीचे, चालकाचे आणि गाईडचे. गुण त्यालाच दिले आहेत. कापलेला एक गुण गर्दीचा, त्याबद्दल पुढे.

आधी जागा समजून घ्या. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 चं, अंधारी अभयारण्य 1986 चं, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला 1995 मध्ये. गाभा म्हणजे कोअर सुमारे 625 चौरस किलोमीटर आणि त्याला वेढून असलेलं बफर सुमारे 1,100. 2022 च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात 444 वाघ धरले गेले, त्यातले 97 या प्रकल्पाच्या हद्दीतले. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि भरपूर बांबू असं हे कोरडं पानझडी जंगल. त्यात तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. शिवाय नवेगाव, जामणीसारखी गावं पुनर्वसनात बाहेर गेल्यावर त्यांच्या शेतजमिनींची मोठी कुरणं झाली. कुरणावर चितळ, सांबर, रानगवे येतात आणि त्यांच्यामागे वाघ. ताडोबात वाघ बराच दिसतो तो या खाद्यामुळे आणि पाण्यामुळे.

आता गेट. परगावच्या माणसाची पहिली गफलत इथेच होते. कोअरमध्ये जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी अशी गेटं आहेत. चंद्रपूरहून येणाऱ्यांना मोहर्ली सोयीचं, साधारण 30 किलोमीटर. नागपूरहून उमरेड-भिसी-चिमूरमार्गे कोलारा शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे. मोहर्लीहून आत जाताना तेलिया तलावाचा भाग लागतो आणि पुढे ताडोबा तलावापर्यंत जाता येतं. वाटेत गोंड राजवटीतले दगडी खांब दिसतात, तिथे गाईडला दोन मिनिटं थांबायला जरूर सांगा. कोलारा आणि नवेगाव ताडोबा वनपरिक्षेत्राला जवळ, त्यामुळे पांढरपौनीसारखे पाणवठे आणि कुरणं लवकर गाठता येतात. झरी आणि पांगडीतून कोळसा वनपरिक्षेत्र. तिथे जंगल दाट, चढउतार जास्त, वाघ दिसण्याचं प्रमाण कमी, पण गाड्याही कमी. रानगवा, अस्वल, रानकुत्र्यांचा कळप पाहायचा असेल आणि शांतता हवी असेल तर कोळसा निवडा. ज्यांच्या दोन सफाऱ्या आधीच झाल्यात त्यांनी तर तिसरी इथेच करावी.

बफरची गेटं (आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा, पळसगाव, निमढेला वगैरे) लोक दुय्यम समजतात. हे चूक आहे. वाघीण बछड्यांना साधारण दीड-दोन वर्षं सोबत ठेवते. नंतर त्यांना स्वतःचं क्षेत्र शोधावं लागतं, आणि कोअरमध्ये दणकट नरांनी जागा आधीच अडवलेल्या असतात. मग हे तरुण वाघ बाहेर सरकतात, म्हणजे बफरमध्ये येतात. काही वाघिणींनी तिथेच पिल्लं वाढवली आहेत. बफरच्या दर्शनात कमीपणा काही नाही. फरक एवढाच की इथे गावं, शेतं, गुरं आहेत. वाटेत मोहफुलं वेचणारी माणसं आणि गुरांच्या पाठीमागे गुराखी दिसतील. हे नको असेल तर कोअरच घ्या. पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, कोअर बंद असतं आणि काही बफर गेटं रस्त्यांची स्थिती पाहून चालू राहतात. एरवी कोअर सफारीची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी.

महिन्याचं गणित पाण्यावर चालतं. वाघाच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून आणि पाण्यात बसून तो उष्णता घालवतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो, लहान बोड्या आटतात, आणि उरलेल्या पाण्यावर, त्यात सौरपंपाने भरलेल्या कृत्रिम पाणवठ्यांवरही, वाघ तासन्‌तास मागचं अंग बुडवून बसतो. बसतानाही तो बहुधा उलटा, शेपटीकडून पाण्यात शिरतो आणि तोंड कोरडं ठेवतो. पानगळीमुळे दूरवरचंही दिसतं. म्हणून वाघासाठी एप्रिल-मे. मात्र दुपारची सफारी उघड्या गाडीत चार तास, लहान मुलं आणि वयस्कर माणसांना ती सोसत नाही. त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. तेव्हा जंगल हिरवट-पिवळं, गवत उंच, वाघ लपलेला, पण पक्षी भरपूर. ताडोबा तलावावर ऊन खात पडलेली मगर तर हमखास. डिसेंबरच्या सकाळी मात्र स्वेटरवर जाड जॅकेट आणि कानटोपी हवीच. गाडी हळू चालली तरी वारा टोचतो.

खरं मोल गाईडचं. गाईड आणि बहुतेक वेळा जिप्सीही गेटवर पाळीने मिळते, त्यामुळे आवडता माणूस मागता येत नाही. गाईड आसपासच्या गावांतले असतात, काही गेटांवर महिलाही आहेत. तो चांगला आहे की नाही ते पहिल्या अर्ध्या तासात ओळखता येतं. चांगला गाईड गाडी बंद करायला लावतो. इंजिनाच्या आवाजात कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर इतर प्राणी देतात ते इशाऱ्याचे आवाज, ऐकू येत नाहीत, आणि कॉलशिवाय शोध म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं. चितळाचा कॉल एकदाच झाला तर तो फारसं मनावर घेत नाही. चितळ रानकुत्रा, बिबट्या, कधी नुसत्या सळसळीलाही ओरडतं. झाडावरचं वानर एका दिशेला टक लावून खाकरत राहिलं तर तो कान टवकारतो, आणि सांबराचा खणखणीत, ठरावीक अंतराने येणारा आवाज सुरू झाला की गाडी वळवतो. सांबर सहसा उगाच ओरडत नाही.

दुसरी परीक्षा मातीवरच्या पंजाची. धुळीत उमटलेला ठसा टायरच्या नक्षीवर आहे की टायर ठशावरून गेलाय, एवढं पाहिलं की वाघ सकाळच्या पहिल्या गाडीआधी गेला की नंतर, हे कळतं. कडा धारदार असतील तर ठसा ताजा. कडा ढासळलेल्या, आत पानाचा चुरा किंवा किड्याची रेघ असेल तर जुना. नराचा पंजा चौकोनी आणि बोटं जाड गोल, मादीचा लांबट आणि बोटं निमुळती. हे सगळं न विचारता दाखवणारा गाईड मिळाला तर वाघ न दिसताही सकाळ सार्थकी लागते. (गणना आता ठशांवर होत नाही. प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून कॅमेरा ट्रॅपमधल्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतल्या, फोटोंवरून वाघ मोजले जातात.)

आपणही एक करायचं: बसल्या बसल्या सांगून टाकायचं, “दादा, वाघाची घाई नाही, पाणवठ्यावर थांबून बघू.” बरेच चालक-गाईड फेऱ्या मारतात ते पर्यटकांच्या कटकटीमुळेच. उन्हाळ्यात एका पाण्यावर पाऊण तास बसणं हे पाच पाणवठ्यांना धावती भेट देण्यापेक्षा जास्त फळतं.

जिप्सीत चालक आणि गाईड सोडून सहा जण बसतात. मागची ओळ उंच, तिथून गवतावरून पलीकडचं दिसतं, पण धक्के आणि धूळ तिथेच जास्त. कंबरदुखी असेल तर मधली ओळ मागून घ्या. सहाही जागा भरलेल्या असताना मोठी लेन्स फिरवणं अवघड जातं; फोटो काढणाऱ्यांनी चौघांतच गाडी घ्यावी. ट्रायपॉड निरुपयोगी, तांदूळ किंवा वाटाणे भरलेली कापडी पिशवी दांड्यावर ठेवून लेन्स टेकवा. गाडी चालू असताना कॅमेऱ्यावर ओलसर नको, कोरडंच फडकं टाका. ओल्या फडक्यावर धुळीचा चिखल होतो. कपडे मातकट किंवा मळखाऊ हिरवे. कोअरमध्ये मोबाईल चालत नाही. खाली उतरता येतं ते फक्त ठरलेल्या ठिकाणी, म्हणून निघण्याआधीच स्वच्छतागृहात जाऊन या.

आता कापलेला गुण. पिल्लंवाली वाघीण लहान परिसरातच फिरते, तिची जागा सगळ्यांना ठाऊक होते आणि गाड्या तिथेच लोटतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: प्राण्यापासून किमान 20 मीटर, दोन गाड्यांत 50 मीटर, आणि प्राण्याला घेरायचं नाही. गर्दीत यातलं पहिलं काय मोडतं तर घेरण्याची मनाई. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि चालक-गाईडांवर कारवाई झाली. वाघ रस्त्यावर चालत येत असेल तर आपली गाडी मागे घ्यायला लावा. त्याने कान मागे पाडले, शेपटी झटकली किंवा दबकं गुरगुरला तर अंतर कमी पडलंय, लगेच सरका. पुढे घ्या म्हणून चालकाच्या खांद्यावर थाप मारणारे आपल्याच गाडीत असतील तर त्यांना आपणच अडवायचं. चालकाची रोजीरोटी त्यात अडकलेली असते.

बुकिंग वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. शनिवार-रविवारचे दर जास्त, आणि दिवाळी, नाताळ, मे महिन्याच्या तारखा लवकर भरतात. ओळखपत्राची मूळ प्रत लागते, तिच्यावरचं नाव परवान्याशी जुळलं पाहिजे. आणि मुक्काम ठरवण्याआधी परवान्यावरचं गेट वाचा. खोली मोहर्लीला आणि सफारी कोलाऱ्याची निघाली, तर जंगलातून आरपार जाता येत नाही. बाहेरून वळसा घालून दोन तास सहज जातात, आणि पहाटेची ती वेळ हुकली की उशिरा पोहोचलेल्यांना तास वाढवून मिळत नाहीत.