साधा पीओई स्विच की मॅनेज्ड? सोसायटीच्या कॅमेऱ्यांसाठी काय घ्यावं

आठ-दहा कॅमेरे, दोन वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंट आणि गेटवर आयपी इंटरकॉम, एवढं काम निघालं की सोसायटीच्या हातात वेगवेगळी कोटेशनं पडतात. लिहिलेलं असतं फक्त 'पीओई स्विच', म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणांना वीजही देणारा स्विच; किमतीत मात्र बरीच तफावत. ती बहुतेकदा साध्या आणि मॅनेज्ड, म्हणजे संगणकावरून सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचची असते.

वीज पुरवण्याच्या मूळ कामात दोघांत फरक नाही. २००३ च्या ८०२.३एएफ मानकाप्रमाणे पोर्टमधून १५.४ वॅट निघतात. केबलमधली घट धरून उपकरणाला १२.९५ मिळतात. २००९ च्या ८०२.३एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. साध्या डोम किंवा बुलेट कॅमेऱ्याला एएफ पुरतं, फिरणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्याला बहुधा एटी लागतं. मानक पाळणारा कुठलाही स्विच आधी समोरचं उपकरण तपासतो आणि पीओई घेणारं असेल तरच वीज सोडतो, म्हणून चुकून लॅपटॉप जोडला तरी धोका नाही. २४ व्होल्टच्या 'पॅसिव्ह' पीओईत ही तपासणीच नसते. सामायिक जागेत ते घेऊच नका.

खरा प्रश्न एकूण वॅटचा. आठ पोर्ट गुणिले १५.४ म्हणजे १२३.२ वॅट, पण आठ पोर्टच्या स्वस्त स्विचचं एकूण पीओई बजेट (सगळ्या पोर्टना मिळून देता येणारे वॅट) याच्या निम्मंही असू शकतं. दिवसा सगळं सुरळीत चालतं. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की मागणी वाढते आणि एखादा कॅमेरा बंद पडतो. साध्या स्विचमध्ये कोणता बंद पडणार, हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. मॅनेज्डमध्ये तुम्ही ठरवता: गेटच्या कॅमेऱ्याला सर्वांत वरचं प्राधान्य, क्लबहाउसच्या वाय-फायला शेवटचं. कॅमेरा सहाच वॅट खात असताना स्विचने त्याच्या नावावर १५.४ राखून ठेवले असतील, तर बऱ्याच मॉडेलांत पोर्टची मर्यादा खाली आणून उरलेले वॅट दुसरीकडे वापरता येतात. वीज गेल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंटचे पोर्ट बंद करून यूपीएसवर कॅमेरे जास्त वेळ चालवता येतात, हा फायदाही छोटा नाही.

तरी मॅनेज्डसाठी जास्त पैसे मोजायचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते वेगळंच आहे. कॅमेरे अडकतात. वीज बंद-चालू केली की बहुतेक वेळा सुरू होतात. साधा स्विच गच्चीवरच्या पेटीत असेल तर किल्ली शोधून कुणीतरी वर जायचं, तेही भर पावसात. मॅनेज्डमध्ये तेवढाच पोर्ट ऑफिसात बसून बंद-चालू होतो. काही मॉडेल कॅमेऱ्याला ठरावीक वेळाने पिंग करतात आणि उत्तर आलं नाही तर स्वतःच वीज तोडून पुन्हा देतात. ही सोय लावताना थांबण्याचा अवधी सढळ ठेवा. कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट चालू असताना तो काही मिनिटं उत्तर देत नाही, आणि नेमकी तेव्हाच वीज तोडली तर कॅमेरा कायमचा निकामी होऊ शकतो.

मॅनेज्ड स्विच सांभाळावाही लागतो. मूळ पासवर्ड बदलायचा, आणि नवा ठेकेदाराकडे न राहता समितीच्या दफ्तरी नोंदवायचा. हे करणारं कुणी नसेल तर जास्तीचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

दुकान, बंगला, किंवा एकाच खोलीत हाताशी असलेला स्विच: साधा घ्या, फक्त पीओई बजेट मागणीपेक्षा निदान एक चतुर्थांश जास्त असू द्या. एकच कॅमेरा असेल तर स्विच बदलू नका, एकाच केबलमध्ये वीज सोडणारा इंजेक्टर पुरे. चार इमारतींच्या सोसायटीत सगळेच मॅनेज्ड हवेत असंही नाही. गच्चीवरचे आणि गेटचे मॅनेज्ड, ऑफिसातला साधा, अशी विभागणी मला जास्त पटते.

केबलबाबत मात्र तडजोड नको. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त केबलचा रोध जास्त असतो. लांब अंतरावर कॅमेऱ्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत आणि मग स्विच कितीही महाग असला तरी कॅमेरा रात्री बंद पडतोच. कोटेशनमध्ये 'शुद्ध तांबं', स्विचचं मानक आणि एकूण पीओई वॅट, या तिन्ही गोष्टी लिहून मागा.