व्हँकूवरला टोटेम पोल घेणार असाल तर आधी हे वाचा

आईबाबांना व्हँकूवर फिरवणारे किंवा अलास्का क्रूझ बुक केलेले जे कोणी असतील त्यांच्यासाठी लिहितोय, कारण टोटेम पोलच्या (इथल्या मूळनिवासींचा, प्राणी वगैरे कोरलेला लाकडी खांब) नावाखाली मला इथे ६४० डॉलर प्लस टॅक्सची सरळ सरळ टोपी घातली गेलीये.

दुकान टुरिस्ट भागातलं. बाहेर मेपल सिरप आणि टी-शर्ट, आत काचेच्या कपाटात मास्क आणि पोल. दोन फुटी पोल, वर डोमकावळा, मधे अस्वल, खाली किलर व्हेल. दुकानदार म्हणे हा साधा सोव्हेनियर नाही, मेमोरियल पोल आहे, एका हायडा (इथल्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरचे मूळनिवासी) म्हाताऱ्याने वारलेल्या मामासाठी रेड सीडरच्या लाकडात हाताने कोरलाय, आता घरच्यांना पैशाची नड आहे म्हणून विकायला दिलाय. सोबत सर्टिफिकेट, त्यावर पिसाचं चित्र आणि वाचता न येणारी सही. ९०० वरून ६४० वर आला, वर म्हणतो फक्त तुमच्यासाठी.

आता यातली बदमाशी बघा. हायडा लोकांत वारसा आईकडून चालतो, मामाची गादी भाच्याला मिळते, म्हणजे गडी पूर्ण अभ्यास करून थापा मारत होता. पण खरा मेमोरियल पोल वारस उभा करतो, बहुतेक वेळा मृत्यूनंतर वर्षभराने, पॉटलॅच (जेवणावळ आणि भेटींचा मोठा समारंभ) देऊन, आणि जमलेल्यांना साक्षीदार म्हणून मान आणि भेटी देऊन. (हेच पॉटलॅच कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ बेकायदा ठरवलं होतं, ते वेगळंच.) पोलवरची चित्रं त्या घराण्याच्या हक्काची असतात, आपल्या देव्हाऱ्यातला पूर्वजांचा टाक कोणी दुकानात मांडावा तसंच ते झालं. निस्गा या दुसऱ्या मूळनिवासी लोकांचा एक मेमोरियल पोल १९२९ मधे उचलून नेला होता, तो एडिनबरोच्या म्युझियममधून २०२३ मधे त्यांनी परत आणला, ११ मीटरचा, विमानातून. असली माणसं मामाचा पोल सिरपच्या शेजारी ठेवतील?

शंका आली ती तळाला चिकटवलेल्या हिरव्या फेल्टमुळे, एक कोपरा सुटला होता आणि खाली खरवडलेल्या स्टिकरचा गोंद. मग एका हायडा कार्व्हरला (लाकूड कोरणाऱ्या कलाकाराला) दाखवला. त्याने पहिल्यांदा विचारलं, कोणी कोरला, कुठल्या घराण्याचा? मग चाकूने तळाशी जरा खरवडलं तर ब्राऊन रंगाखाली पांढरट लाकूड, सीडरचा वास अजिबात नाही. डोळ्याभोवतीच्या लंबगोल रेषेवर बोट फिरवून म्हणाला, आमची रेषा कुठे जाड होते कुठे बारीक होते, ही सगळीकडे सारखीच आहे, हे कॉपी मशिनचं काम दिसतंय.

हे फक्त व्हँकूवरचं नाही. अलास्कात केचिकन गावी एका दुकानवाल्याकडे क्रूझच्या प्रवाशांना फिलिपिन्समधे बनवलेले पोल नेटिव्ह (मूळनिवासींचा) माल म्हणून विकायचे, वर खऱ्या अलास्का नेटिव्ह माणसांना पगारावर ठेवून मीच कोरलंय म्हणायला लावायचे. त्या दुकानवाल्याला २०२३ मधे २ वर्षं जेल झाली. अमेरिकेत त्यासाठी १९९० चा कायदा आहे, कॅनडात तसा खास कायदा नाही, त्यामुळे इथे असले लोक बिनधास्त आहेत.

घ्यायचाच असेल तर कार्व्हरचं पूर्ण नाव, त्याचं नेशन (म्हणजे हायडा, निस्गा असा त्याचा समाज) आणि त्याला फोन करता येईल का हे विचारा. नीट गॅलरीवाला हे न विचारताच सांगतो. "हायडा स्टाईल", "नेटिव्ह इन्स्पायर्ड" असं लिहिलेलं असेल तर तो वेगळा माल, वेगळा भाव. आणि मेमोरियलची करुण कहाणी कोणी सांगायला लागला की पाकीट खिशातच ठेवा.

दुकानात परत गेलो तर ऑल सेल्स फायनलची पाटी दाखवली, आणि कपाटात अगदी तसाच दुसरा पोल उभा, व्हेलच्या शेपटीवरचा ओरखडासुद्धा तोच. त्याचा फोटो काढून कार्ड कंपनीकडे डिस्प्यूट टाकलाय, सर्टिफिकेटची कॉपी आणि कार्व्हरने लिहून दिलेलं पत्रही जोडलंय. पैसे आले तर इथेच कळवतो.