थ्रॉटलऐवजी दुसरी जॉयस्टिक: अंतराळ उड्डाणाच्या गेमसाठी कंट्रोलर निवडताना

अंतराळ उड्डाणाच्या गेमसाठी जॉयस्टिक घ्यायचे ठरवले की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: उजव्या हाताला जॉयस्टिक आणि डाव्या हाताला थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी दांडी. होटास या नावाने ओळखली जाणारी ही जोडी लढाऊ विमानांच्या कॉकपिटमधून आली आहे आणि विमानांच्या सिम्युलेटरसाठी तिला तोड नाही. अंतराळयानाची गोष्ट वेगळी आहे. विमानाला हवेत टिकून राहण्यासाठी सतत पुढे जावे लागते, त्यामुळे एक हात दिशेवर आणि दुसरा वेगावर ही वाटणी तिथे स्वाभाविक ठरते. यान मात्र सहा प्रकारे हलते. नाक वर-खाली करणे म्हणजे पिच, नाक डावीकडे-उजवीकडे वळवणे म्हणजे यॉ आणि जागच्या जागी कूस बदलणे म्हणजे रोल, ही झाली तीन वळणे. शिवाय न वळता पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली सरकणे, या आणखी तीन हालचाली. या सहाही हालचाली तुमच्या दोन हातांना एकाच वेळी, आणि हव्या तेवढ्याच जोराने, करता येतात का, या प्रश्नापासून कंट्रोलरची पारख सुरू व्हावी असे माझे मत आहे. बटणांची संख्या, रंगीत दिवे, धातूचे आवरण हे सगळे नंतरचे.

खऱ्या यानांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. अपोलोच्या कमांड मोड्यूलमध्ये यान वळवण्याची मूठ उजव्या हाताला होती आणि सरकवण्याची मूठ डाव्या हाताला. स्पेस शटलमध्येही कामाची वाटणी तशीच होती आणि सोयुझमध्येही ती तशीच आहे. दोन्ही मुठी सोडल्या की आपोआप मध्यावर येतात, म्हणजे हात काढला की जोर थांबतो. गेम खेळणाऱ्यांनी याच रचनेला ‘होसास’ हे नाव दिले आहे: दोन हात, दोन जॉयस्टिक. दांडा पुढे-मागे आणि बाजूला कलतो, शिवाय पिळताही येत असेल तर प्रत्येक जॉयस्टिकचे तीन अक्ष होतात, म्हणजे दोहोंत मिळून सहा.

याचा फायदा कुठे दिसतो ते एलीट डेंजरस या 2014 मध्ये आलेल्या गेममध्ये चांगले पाहता येते. त्यात फ्लाइट असिस्ट चालू असताना संगणक यानाचे वाहवणे स्वतःच आवरतो आणि थ्रॉटल जिथे ठेवाल तो वेग तुमच्यासाठी राखतो. अशा वेळी जागच्या जागी राहणारी थ्रॉटलची दांडी खरोखर सोयीची असते, कारण यान सर्वांत चपळाईने वळते तो वेगाचा निळा पट्टा साधारण मध्यावर असतो आणि हात एकदा तिथे नेऊन ठेवला की वेगाकडे पाहावे लागत नाही. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे ग्रह-ताऱ्यांमधल्या लांबच्या, अतिवेगवान प्रवासात, मुक्कामाजवळ येताना थ्रॉटल 75 टक्क्यांवर ठेवण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे, तीही दांडीने सहज जमते. फ्लाइट असिस्ट बंद केले की चित्र पालटते. यानाचे नाक कुठेही असो, ते ज्या दिशेने निघाले आहे त्या दिशेने जातच राहते, आणि थांबायचे असेल तर उलट दिशेने नेमका तेवढाच जोर लावून तो वेळेवर काढून घ्यावा लागतो. थ्रॉटलची दांडी हे काम नीट करू शकत नाही, कारण ती शून्यावर परत येत नाही. तिला शोधून शून्यावर आणावे लागते. मध्यावर परतणारी दुसरी जॉयस्टिक ते काम हाताच्या सैल सोडण्यावर करते.

उतरतानाचा प्रसंग घ्या. स्वतःभोवती फिरणाऱ्या स्थानकाच्या चिंचोळ्या तोंडातून आत शिरायचे, नेमून दिलेला तळ शोधायचा आणि त्यावर यान हळूच टेकवायचे. तळाच्या वर पोहोचल्यावर यान थोडे पुढे, थोडे डावीकडे आणि सावकाश खाली, असे तिन्ही दिशांनी एकदम सरकवावे लागते. थ्रॉटल घेतलेले बहुतेक जण ही कामे अंगठ्याखालच्या चार दिशांच्या हॅट स्विचवर सोपवतात. पण हॅट स्विच एकतर दाबलेला असतो किंवा नसतो. त्यामुळे यान टप्प्याटप्प्याने धक्के खात उतरते. डाव्या हातात पूर्ण जॉयस्टिक असेल तर तीच हालचाल एका सलग वळणात होते, आणि ही सफाई एकदा हाताला कळली की परत हॅट स्विचकडे जाववत नाही.

तरीही सगळ्यांनी दोन जॉयस्टिक घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. कोणता गेम खेळणार यावर बरेच अवलंबून आहे. 2020 मध्ये आलेल्या स्टार वॉर्स: स्क्वाड्रन्समध्ये बाजूला सरकण्याची सोयच नाही, तिथे वेग सतत बदलत लढावे लागते, म्हणून जॉयस्टिक आणि थ्रॉटल हीच योग्य जोडी. एक्स 4: फाउंडेशन्समध्ये व्यापार आणि साम्राज्याचा कारभार यांत इतका वेळ जातो की हाताशी माऊस असणे अधिक गरजेचे वाटते. स्टार सिटिझन आणि फ्लाइट असिस्टविना खेळलेला एलीट हे मात्र दोन जॉयस्टिकचे खरे माहेरघर आहे.

आता जॉयस्टिकच्या आत काय असते त्याकडे वळू, कारण पैसे मुख्यतः तिथे जातात किंवा वाया जातात. दांडा किती कलला आहे हे मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुन्या आणि स्वस्त पद्धतीत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर एक टोक घासत फिरते. पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की आकडे थरथरू लागतात आणि दांड्याला हात न लावताही यान एका बाजूला ओढले जाते. दुसऱ्या पद्धतीत चुंबक आणि हॉल इफेक्ट सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो, त्यात काहीही एकमेकांवर घासत नाही आणि म्हणून झिजण्यासारखे फारसे काही उरत नाही. अंतराळाच्या गेममध्ये या फरकाचे महत्त्व अधिक, कारण हवेचा विरोध नसल्याने बारीकशी थरथरही वाहवण्यात बदलते. खरेदीपूर्वी एक गोष्ट आवर्जून तपासावी: काही जॉयस्टिकमध्ये मुख्य दोन अक्षांना चुंबकीय सेन्सर असतो, पण दांडा पिळण्याच्या अक्षाला साधा पोटेन्शिओमीटरच असतो, आणि खोक्यावरची जाहिरात फक्त पहिल्या दोहोंबद्दल बोलते.

सेन्सरइतकेच महत्त्व दांडा मध्यावर कसा येतो याला आहे, आणि खरेदी करताना हीच बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. दूरवरच्या यानावर स्थिर बसवलेल्या तोफेने नेम धरायचा असतो, तेव्हा हाताची सारी हालचाल मध्याच्या आसपास केसभर एवढीच असते. एकाच मोठ्या स्प्रिंगवर बसलेल्या दांड्यात मध्यावर घर्षण जाणवते. थोडा जोर लावला तर काहीच होत नाही. आणखी थोडा लावला की दांडा एकदम सुटतो, नेम लक्ष्याच्या पलीकडे जातो, मग परत ओढा, मग परत तेच. प्रत्येक अक्षाला वेगळी स्प्रिंग आणि वेगळी कॅम (दांड्याला मध्यावर आणणारा खाचेचा भाग) असलेल्या यंत्रणेत हा अडथळा जवळजवळ नसतो. माझ्या हाताला मऊ स्प्रिंग अधिक मानवते, कारण यानात हवेच्या दाबाचा आभास देण्याची गरज नसते आणि तासन्‌तास खेळताना मनगट दुखत नाही.

या निकषांवर बाजारातल्या काही नावांकडे पाहू. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो ही सुरुवातीची ओळख म्हणून ठीक आहे. तिचा दांडा पिळता येतो, बैठकीवर थ्रॉटलची छोटी पट्टी आहे आणि बटणे हाताशी येतात, पण सेन्सर जुन्या पद्धतीचे आहेत आणि मूठ फक्त उजव्या हाताची आहे, त्यामुळे दोन जॉयस्टिकच्या मार्गावर ती साथ देत नाही. थ्रस्टमास्टरच्या टी 16000 एम एफसीएसची गोष्ट वेगळी. तिच्या मुख्य अक्षांना हॉल सेन्सर आहे, मुठीचे भाग बदलून ती डाव्या किंवा उजव्या हाताची करता येते, आणि दोन जॉयस्टिकचा प्रयोग कमी खर्चात करू पाहणाऱ्यांसाठी कंपनीने तिची जोडी एकत्रही विकली आहे. एकाच स्प्रिंगमुळे मध्यावरचे घर्षण आणि बैठकीचा हलकेपणा या तिच्या मर्यादा आहेत. थ्रॉटलच हवी असणाऱ्यांनी याच कंपनीची टीडब्ल्यूसीएस पाहावी: तिच्यावर अंगठ्यासाठी एक छोटी ॲनालॉग स्टिक आहे, जिच्यावर बाजूला आणि वर-खाली सरकणे सोपवता येते, आणि बोटांखाली यॉसाठी वापरता येणारी झुलती पट्टी आहे. थ्रॉटल न सोडता सहाही हालचाली हाताशी ठेवण्याची ती प्रामाणिक तडजोड आहे.

माझी पसंती व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर एनएक्सटी इव्होला आहे. तिची यंत्रणा कॅमची आहे, सेन्सर स्पर्शविरहित आहेत, स्प्रिंग बदलता येतात, आणि डाव्या-उजव्या हातांसाठी वेगवेगळ्या मुठी मिळतात. तिचा ऑम्नी थ्रॉटल नावाचा प्रकार तर याच कामासाठी केल्यासारखा आहे: त्यात डाव्या हाताची मूठ पुढे झुकवून बसवलेली असते, त्यामुळे हात पुढे ढकलणे, मागे ओढणे आणि उचलणे या हालचाली यानाच्या सरकण्याशी जुळतात आणि मेंदूला मध्ये भाषांतर करावे लागत नाही. आवरण प्लास्टिकचे आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांनी यंत्रणा हातात घेऊन पाहावी.

धातूचे वजन हवे असणारे हमखास थ्रस्टमास्टरच्या वॉर्टहॉगकडे वळतात. ए-10 सी विमानाच्या मुठीची ती देखणी आणि दणकट प्रतिकृती आहे, पण तिचा दांडा पिळता येत नाही. यॉसाठी पायाखालचे पेडल घ्यावे लागतात आणि सरकण्याच्या तीन दिशांचा प्रश्न तसाच राहतो. विमानांसाठी ती उत्तम आहे, केवळ अंतराळासाठी मी ती सुचवणार नाही.

बटणांबाबत एवढेच की संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. एलीटमध्ये ढाल, इंजिन आणि शस्त्रे यांच्यात वीज वाटण्याचे काम लढाईत सतत करावे लागते आणि त्याला वर, डावीकडे, उजवीकडे आणि खाली अशा चार दिशाच लागतात. अंगठ्याखाली एक चांगला, स्पष्ट टकटक जाणवणारा हॅट स्विच असला की ते न पाहता होते. व्हीआर हेडसेट घालून खेळणाऱ्यांना कीबोर्ड दिसतच नाही, म्हणून त्यांनी मुठीवर असे निदान तीन हॅट आहेत ना हे पाहूनच घ्यावे. बैठकीवर रांगेने लावलेली बटणे लढाईत कुणी दाबत नाही.

गेमपॅडला मात्र कमी लेखू नये. दोन स्टिकचे चार अक्ष आणि दोन ट्रिगर मिळून हिशेब सहापर्यंत पोहोचतो, आणि नो मॅन्स स्काय किंवा एव्हरस्पेस 2 यांसारख्या गेममध्ये त्यापलीकडे काही लागत नाही. अडचण दोन ठिकाणी येते: अंगठ्याची स्टिक इतकी थोडी हलते की बारीक नेमाला वाव कमी राहतो, आणि बटण दाबण्यासाठी अंगठा उचलला की तेवढा वेळ एक हालचाल सुटते. मागे पॅडल असलेला गेमपॅड घेतल्यास दुसरी अडचण बरीच कमी होते. माऊसने नेम उत्तम लागतो, पण त्याच्या जोडीला असलेला कीबोर्ड जोर कमी-जास्त करू शकत नाही. थ्रीडीकनेक्शनच्या स्पेसमाऊसमध्ये सहाही अक्ष एकाच गोळ्यात असतात आणि कागदावर तो आदर्श दिसतो. प्रत्यक्षात तो संगणकावर आराखडे काढणाऱ्यांसाठी केलेला आहे आणि घाईच्या क्षणी एक हालचाल करताना दुसरी मिसळतेच. गेम कन्सोलवर खेळणाऱ्यांनी वरची चर्चा वाचून लगेच खरेदीला जाऊ नये, कारण बहुतेक यूएसबी जॉयस्टिक कन्सोलवर चालत नाहीत, तिथे टी. फ्लाइट होटास 4 किंवा होटास वन यांसारखी त्या-त्या कन्सोलसाठीच काढलेली मॉडेल पाहावी लागतात.

दोन्ही जॉयस्टिक एकदम घेणे शक्य नसेल तर आधी उजव्या हाताची चांगली घ्यावी आणि डावा हात तोवर कीबोर्डवर ठेवावा. दोन सुमार जॉयस्टिकपेक्षा हे बरे. उरलेल्या पैशांतून टेबलाच्या किंवा खुर्चीच्या कडेला बसणारा क्लॅम्प घ्यावा, म्हणजे मूठ कोपराच्या उंचीला येते आणि जोरात ओढल्यावर बैठक टेबलावरून सरकत नाही. हलक्या बैठकीच्या जॉयस्टिकमध्ये क्लॅम्पने जेवढा फरक पडतो तेवढा पुढचे महागडे मॉडेल घेऊनही अनेकदा पडत नाही.

दोन सारख्याच जॉयस्टिक जोडल्यावर त्यांचे यूएसबी पोर्ट बदलू नयेत. काही गेम उपकरणांना क्रमाने ओळखतात आणि पोर्ट बदलला की डावी जॉयस्टिक उजवी होऊन बसते. एलीटमध्ये तर साठवलेल्या बाइंडिंगमधले (कोणते बटण आणि कोणता अक्ष काय करतो याच्या मांडणीतले) एखादे उपकरण जोडलेले नसताना गेम सुरू केला तर तो मूळ मांडणीवर जातो, म्हणून बाइंडिंगच्या फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी. सेटिंग करताना डेड झोन, म्हणजे मध्याभोवतीचा जो भाग गेम दुर्लक्षित करतो तो, शून्यापासून सुरू करून दांडा सोडल्यावर यान स्थिर राहीपर्यंतच वाढवावा. नेम धरण्याच्या अक्षांना सौम्य कर्व्ह द्यावा, म्हणजे मध्याजवळ दांड्याची हालचाल कमी परिणाम करेल, सरकण्याच्या अक्षांना मात्र सरळ रेषाच ठेवावी. फक्त डाव्या हाताच्या वर-खाली सरकण्याला किंचित जास्त डेड झोन हवा, कारण मुठीवर विसावलेल्या हाताचे वजन त्याच अक्षावर पडत असते.