नवे दिशादर्शक खांब : महिनाभर चालून पाहिल्यावर

शहराच्या मध्यभागात जे नवे दिशादर्शक खांब लागलेत, त्यांचं हे परीक्षण. ते कोणी बनवले, काम कोणाकडे होतं, यात मला पडायचं नाही. मी पंचेचाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. आता हात थरथरतो म्हणून ब्रश ठेवून दिलाय, पण पाटी दिसली की थांबून वाचायची खोड गेलेली नाही. त्यात गुडघा दुखतो. त्यामुळे पाटी चुकली की तिचा भुर्दंड माझ्या पायांना बसतो, आणि तो माझ्या चांगला लक्षात राहतो.

तपासायची माझी रीत साधी आहे. खिशात एक कागद ठेवायचा आणि वाटेत कोणाला रस्ता विचारावा लागला की त्यावर एक रेघ ओढायची. खांब लागण्यापूर्वी बसस्थानकापासून रजिस्ट्रीच्या कचेरीपर्यंत पाच रेघा पडल्या होत्या. राहणारा इथलाच, तरी पाच! कचेरी दोन वर्षांत दोनदा हलली, बाजारामागचा रस्ता एकेरी झाला, जिथे पाण्याची टाकी होती तिथे वाहनतळाची इमारत उभी राहिली. शहर वाढतं तेव्हा जुना माणूसही पाहुण्यासारखा चाचपडतो. परवा त्याच वाटेने गेलो, एकच रेघ पडली. ती कुठे पडली ते पुढे येईलच.

खांब दोन प्रकारचे आहेत. एक रुंद, माणसापेक्षा उंच, गडद निळा, दोन्ही बाजूंना नकाशा असलेला. दुसरा बारीक, वर दिशेचे हात आणि प्रत्येक हातावर ठिकाणाचं नाव व चालत लागणारी मिनिटं. रंग चांगला निवडलाय. निळ्यावर पांढरं अक्षर उन्हातही उठून दिसतं आणि धूळ बसली तरी लगेच मळकट वाटत नाही.

मला सगळ्यात आवडला तो नकाशा. बहीण गावाहून कागदपत्रांच्या कामाला आली होती, तिला मुद्दाम पुढे घातलं आणि मी मागे राहिलो. पहिल्याच खांबापाशी ती थांबली. "दादा, हा नकाशा उलटा लावलाय." शाळेतल्या नकाशात उत्तर वर असते, इथे दक्षिण वर होती. म्हटलं, "तू समोर बघ. समोर जे आहे ते नकाशात वर आहे. उजव्या हाताला जे, ते उजवीकडे." ती खांबाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथला नकाशा बरोबर उलट फिरवलेला. "मग दोन्ही खरे?" "दोन्ही." एवढं कळल्यावर पुढच्या तीन चौकांत तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

ही युक्ती नवी नाही. मार्विन लेव्हिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली 'तुम्ही इथे आहात' छापाच्या नकाशांवर अभ्यास मांडला होता. नकाशा समोरच्या दिशेशी जुळवून लावला नसेल तर माणसं नुसती गोंधळत नाहीत, खात्रीने चुकीच्या बाजूला चालू लागतात. लंडनने २००७ पासून पायी चालणाऱ्यांसाठी जे खांब लावायला घेतले, त्यांत हाच विचार पाळलाय. तिथली गंमत अशी, की हॅरी बेकने काढलेला, १९३३ मध्ये छापून आलेला भुयारी रेल्वेचा नकाशा इतका सोपा आणि देखणा, की लोक त्यालाच शहर समजू लागले. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर तीनशे मीटरसुद्धा नाही, पण नकाशात दोन वेगळी स्थानकं दिसतात म्हणून माणसं जिने उतरून गाडी पकडतात. जमिनीवरून किती जवळ आहे हे सांगणारं कोणीतरी रस्त्यावरच उभं असावं लागतं.

आमच्याकडेही विचार तोच आहे. पण कोर्टासमोरच्या खांबावर बसवताना दोन बाजूंच्या पाट्यांची अदलाबदल झालीय. पूर्वेकडची पश्चिमेला, पश्चिमेकडची पूर्वेला. साधा उत्तर-वर नकाशा कुठेही लावला तरी निदान तो नेहमीसारखा तरी वाचता येतो. हा जो समोरच्या दिशेचा नकाशा असतो, तो चुकीच्या बाजूला गेला की थेट पाठीमागे पाठवतो. बहिणीने तीन खांबांवर विश्वास ठेवला, त्याच विश्वासाने चौथ्यावर ठेवला आणि तरातरा उलट्या दिशेला निघाली. हाक मारून थांबवावं लागलं. मी ही तक्रार लेखी दिली, त्याला आता अठरा दिवस झाले. चार स्क्रू काढायचे आहेत.

मिनिटांबद्दल बोलायला हवं, कारण लोक अंतरापेक्षा मिनिटं वाचतात आणि ते बरोबरच आहे. पाचशे मीटर म्हणजे किती, हे पायांना कळत नाही. सहा मिनिटं कळतात. खांबावर बसस्थानक ते रजिस्ट्री 'सहा मिनिटं' लिहिलंय. मला अकरा लागली. घरी येऊन हिशेब मांडला. असे खांब आखताना साधारण पाच मिनिटांना चारशे मीटर धरतात, म्हणजे मिनिटाला ऐंशी. सहा मिनिटांचे झाले चारशे ऐंशी. माझी चाल मिनिटाला साठ, म्हणजे आठ मिनिटं. उरलेली तीन दोन सिग्नलांवर उभं राहण्यात गेली. म्हणजे खांब खोटं बोलत नाही, फक्त तो सिग्नल नसलेल्या शहरात राहणाऱ्या तरुण माणसाशी बोलतो. मिनिटं चौकातल्या थांबण्यासकट मोजली असती तर तरुण दोन मिनिटं लवकर पोचला असता, त्याने काही बिघडलं नसतं.

आता अक्षर. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार, माफ करा.

धंद्यात आमचा ठोकताळा होता : दहा फुटांना एक इंच. दहा फुटांवरून आरामात वाचायचं असेल तर अक्षर इंचभर उंच हवं. आणि ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वरची वेलांटी, रफार, खालचा उकार, ऱ्हस्व-दीर्घ यांना जागा वेगळी द्यायची. नवशिका कारागीर पट्टीच्या उंचीत सगळं कोंबतो आणि मग अक्षर आपोआप बारीक होतं. या खांबांवर नेमकं तेच झालंय. हाताच्या पट्टीची उंची आधी ठरलेली, त्यात 'मध्यवर्ती ग्रंथालय' बसवायचं, मग अक्षर लहान करा. मी टेप लावून पाहिली. पट्टी चार इंचांची, अक्षर दीड इंचाचं. पंधरा फुटांवरून वाचता येईल. रस्ता आहे चाळीस फुटी. म्हणजे पलीकडच्या खांबावर काय लिहिलंय हे वाचण्यासाठी आधी रस्ता ओलांडायचा आणि मग कळणार, की ओलांडायला नको होता.

अक्षराचं वळण मात्र छान आहे. पोटं मोकळी, जोडाक्षरं उभी न रचता आडवी ठेवलेली. 'द्व' आणि 'द्य' लांबूनही वेगळे ओळखू येतात. ज्याने हे काढलं त्याला लिपी कळते. पट्टी कापणाऱ्याला कळत नाही, एवढंच.

नावांचं दुखणं वेगळं. खांबावर 'बहुस्तरीय वाहनतळ' आहे, 'व्यापारी संकुल क्रमांक दोन' आहे. रस्त्यावर कुणाच्या तोंडी ही नावं नाहीत. लोक म्हणतात टाकीपाशी, जुन्या मार्केटात, घड्याळाखाली. केव्हिन लिंच या नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या लोकांना त्यांचं शहर कसं आठवतं हे विचारून १९६० साली जे मांडलं, त्यात पाच गोष्टी होत्या : वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणा. माझी मुलगी वास्तुरचना शिकत होती तेव्हा तिने हे मला समजावलं होतं. मी म्हटलं होतं, पाटीवाल्याला हे उपजतच ठाऊक असतं. आमच्या प्रत्येक गिऱ्हाईकाच्या पाटीवर पत्त्याखाली 'अमक्यासमोर' ही ओळ असायचीच.

यात एक मजेशीर चूक आहे आणि ती दुरुस्त होऊ नये असं मला मनापासून वाटतं. नकाशावर इमारतींची छोटी उभी चित्रं काढली आहेत. त्यांत पाण्याची टाकीही आहे, चारही पायांसकट. टाकी पाडून वर्ष झालं. नकाशा जुन्या कागदावरून उतरवला असणार. पण लोक अजून 'टाकीपाशी उजवीकडे' असंच सांगतात, त्यामुळे नकाशातली नसलेली टाकी असलेल्या वाहनतळापेक्षा जास्त कामाला येते.

खालच्या कोपऱ्यात मोबाइलने टिपायचा चौकोन आहे. मी टिपला, बहिणीनेही टिपला. दोघांच्या फोनवर पांढरं पान. पुढे चला.

ज्या गोष्टीसाठी मी गुण कापले ती ही. पदपथावर अंध व्यक्तींसाठी पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा घातल्या आहेत. लांबट पट्ट्या म्हणजे 'चालत राहा', गोल टिपके म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी शोधल्या आणि ओकायामा शहरात १९६७ साली पहिल्यांदा बसवल्या. आज त्या जगभर आहेत. मार्ग दाखवणारी ही पाटी डोळ्यांनी नाही, तळपायाने वाचायची. आमच्या मध्यभागात दोन ठिकाणी निळा खांब बरोबर या पट्टीवर रोवलाय. टिपक्यांची फरशीही नाही. 'चालत राहा, चालत राहा' आणि लगेच कपाळावर लोखंड. डोळस माणसाला रस्ता दाखवायचा म्हणून दुसऱ्याचा रस्ता अडवला. पाचपैकी साडेतीन देणार होतो, हे पाहिल्यावर अडीच केले.

राहिली ती एक रेघ.

रजिस्ट्रीच्या अलीकडे शंभर पावलांवर नवीन बांधकाम चालू आहे आणि पदपथ पत्रे ठोकून बंद केलाय. खांबाचा हात सरळ पत्र्याकडे बोट दाखवतो, 'दोन मिनिटं'. खांब लागला तेव्हा पत्रा नव्हता, पत्रा लागला तेव्हा खांबाकडे कुणी पाहिलं नाही. वाढत्या शहराच्या मध्यभागात पत्रे आज इथे, उद्या तिथे असणारच. म्हणून निदान एक-दोन हात सहज काढून फिरवता येतील असे हवे होते. अमेरिकेत रॅले नावाच्या शहरात २०१२ च्या जानेवारीत मॅट टोमासुलो या विद्यार्थ्याने 'अमुक ठिकाण चालत इतकी मिनिटं' अशा २७ पाट्या रातोरात खांबांना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या. परवानगी नव्हती म्हणून त्या उतरल्या, आणि मग शहरानेच प्रायोगिक म्हणून परत लावल्या. त्या पाट्या हलक्या होत्या, चुकल्या तर कात्रीने सुटल्या असत्या. आमचा खांब काँक्रीटमध्ये तीन फूट गाडलाय.

तर मी तिथे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला विचारलं आणि कागदावर रेघ ओढली. तो म्हणाला, "काका, दिवसाला शंभर जण विचारतात हो." गेल्या सोमवारी पुन्हा गेलो तर पत्र्यावर खडूने लिहिलेलं दिसलं. अक्षर वाकडं, 'रजिस्ट्री'तला 'ट'खालचा रकार चुकून 'स'खाली गेलेला. पण अक्षर चांगलं सहा इंची, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. बाण पत्र्याच्या कडेने डावीकडे वळवलेला, आणि खाली : 'चार मिनिट, म्हाताऱ्याला सात.'

मी घड्याळ लावलं. सात लागली.