जमीन आरोग्य पत्रिका: स्फुरदासाठी कामाची, नत्रासाठी अपुरी

माती तपासून सरकारी योजनेतून २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत बारा घटक असतात. शेतकरी त्यात आधी नत्र (नायट्रोजन) बघतो आणि नेमका तोच रकाना सर्वांत कमी भरवशाचा आहे. बऱ्याच अहवालांत नत्र मोजलेलेच नसते; सेंद्रिय कर्बावरून काढलेला तो अंदाज असतो. अल्कलाइन परमँगनेट पद्धतीने मोजले, तरी सेंद्रिय भागातून सुटू शकणारे नत्र कळते, पिकाला लगेच मिळणारे नायट्रेट त्यात येत नाही. युरियाचा हप्ता ठरवायला हा आकडा पुरत नाही.

स्फुरदाचे (फॉस्फरसचे) तसे नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीला ऑल्सेन आणि कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीला ब्रे पद्धत वापरली असेल, तर आकडा खरोखर उपयोगी पडतो. फक्त एकक तपासा. महाराष्ट्रातल्या सहा स्तरांच्या तक्त्यात हेक्टरी १३ किलो स्फुरद (पी) म्हणजे ‘कमी’. तेच पी२ओ५ मध्ये, म्हणजे खताच्या पोत्यावर असते त्या रूपात, लिहिले की २.२९ ने गुणून ३० होते आणि त्याच तक्त्यावर ठेवल्यास ‘जास्त’ ठरते. या घोळात खताची मात्रा चुकते.

मोठी उणीव अशी, की पत्रिका साठा सांगते, ताळेबंद नाही. तो आपणच मांडायचा. एकरी १० क्विंटल सोयाबीन निघाले तर दाण्यांतून साधारण ६० किलो नत्र आणि १२-१३ किलो पी२ओ५ शेताबाहेर जाते. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो पी२ओ५ येते. म्हणजे एकरी एक पोते टाकले तर पी२ओ५ सुमारे १० किलोने शिल्लक. कुटारही (मळणीनंतरचा भुसा) विकले तर शिल्लक थोडी घटते. नत्राची तूट मात्र दिसते तेवढी नसते, कारण पिकातले निम्म्याच्या आसपास नत्र मुळांवरच्या गाठींतून, हवेतून येते. गाठी फोडून बघा. आतून गुलाबी असतील तर त्या काम करत आहेत.

ही शिल्लक पुढच्याच वर्षी पत्रिकेत शोधू नका. बराचसा स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि उरलेला फरक नमुन्याच्या चुकीत हरवतो. दोन-तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासा.

योजनेच्या पहिल्या आवर्तनांत बागायतीत अडीच आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना होता. तेव्हाचा आकडा तुमच्याच वावराचा असेल असे धरू नका. स्वतःचा नमुना द्या: पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा सोडून. नागमोडी चालत १०-१५ ठिकाणी ‘व्ही’ आकाराचे खड्डे घ्या आणि एका बाजूची वरपासून २० सेंटीमीटरपर्यंतची सारख्या जाडीची माती काढा. ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा. माती सावलीत वाळवा. ओली पिशवीत बांधली तर जिवाणू नत्राचे रूप बदलत राहतात. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरला, तर मात्र स्फुरदाचाही आकडा वाया जातो.