हाँगकाँगात वर्षभर गाडीशिवाय: फेरी, ट्राम, मिनीबस आणि एमटीआर, वापरानंतरचा अनुभव

हाँगकाँगच्या ट्रान्सपोर्टबद्दल आपल्याकडे जे काही व्हिडिओ बघायला मिळतात ते एमटीआरपासून, म्हणजे इथल्या मेट्रोपासून, सुरू होतात आणि एमटीआरवरच संपतात. मेट्रो कशी चकाचक, दर दोन-तीन मिनिटाला गाडी, रांग कशी शिस्तीत, झालं. खोटं काहीच नाहीये त्यात. पण इथे राहून आता वर्ष होत आलं, रोजचं ऑफिस, बाजारहाट, आलेल्या पाहुण्यांना फिरवणं सगळं पब्लिक ट्रान्सपोर्टनेच चालू आहे, आणि माझं मत असं झालंय की एमटीआर ही नवख्या माणसाची गाडी. एकदा शहर कळायला लागलं की हात आपोआप दुसऱ्या गोष्टींकडे जातो.

माझंच बघा. घर हुंग हॉमला, व्हाम्पोआच्या बाजूला. (पूर्वी तिथे जहाजं बांधायची गोदी होती, आता बिल्डिंगा आहेत, आणि त्यांच्या मधोमध जहाजाच्या आकाराचा सिमेंटचा मॉल आहे, तो खरंच आहे, फोटोशॉप नाही.) ऑफिस पाण्यापलीकडे हाँगकाँग आयलंडवर, क्वारी बेला. हुंग हॉमच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा नाकासमोर दिसतो. आणि एमटीआरने जायचं तर व्हाम्पोआहून हो मान टिन, तिथे उतरून लाइन बदला, एक स्टेशन जाऊन हुंग हॉमला परत बदला, ॲडमिरल्टीला तिसऱ्यांदा बदला आणि मग एकदाचं क्वारी बे. शुद्ध द्राविडी प्राणायाम. त्यात हो मान टिन आणि ॲडमिरल्टी ही दोन्ही स्टेशनं इतकी खोल की सरकत्या जिन्यांवरच अर्धी सकाळ जाते असं वाटतं.

त्यापेक्षा हुंग हॉम ते नॉर्थ पॉइंट फेरी. सरळ पाणी ओलांडायचं, दहा मिनिटांच्या आसपास पलीकडे, आणि नॉर्थ पॉइंटहून पुढे ट्राम, किंवा उशीर झाला असेल तर एमटीआरचं एकच स्टेशन. फेरी म्हणजे टुरिस्टवाली झगमग नाही हं, साधी जुनी बोट, डिझेलचा वास, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि सकाळी निम्मी माणसं डोळे मिटून बसलेली. मला जाम आवडते. मायनस पॉइंट एकच पण मोठा, बोटी लागोपाठ नसतात त्यामुळे डोळ्यादेखत सुटली की बसा पुढचीची वाट बघत. मी टाइमटेबलचा फोटो फोनमध्ये ठेवलाय, घरातून निघायची वेळ त्याच्यावरच ठरते.

नॉर्थ पॉइंटच्या धक्क्यावरून किंग्ज रोडकडे चालताना मध्ये चुन यंग स्ट्रीट लागते. ही गल्ली बघायला म्हणून कोणी मुद्दाम आलं तरी चालेल. दोन्ही बाजूला भाजी, फळं, मासे, मटण, थर्माकोलचे खोके रस्त्यावर आलेले, आणि या सगळ्याच्या मधून ट्रामचे रूळ. माणसं रुळावर उभी राहून मोसंब्यांचा भाव करत असतात, मागून डबलडेकर ट्राम हळूहळू येते, ड्रायव्हर पायाने घंटी वाजवतो, डिंग डिंग, आजीबाई आपली चाकांची पिशवी वीतभर ओढून घेतात, ट्राम त्यांच्या कोपराला न लागता निघून जाते, आजीबाई परत रुळावर. कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही. मुंबईतली ट्राम १९६४ ला बंद झाली, आमच्या घरात तिच्या फक्त गोष्टी ऐकलेल्या, त्यामुळे मला सुरुवातीला हे बघताना काय वाटलं असेल तुम्हीच समजून घ्या.

ट्राम इथे १९०४ पासून चालू आहे. आयलंडच्या उत्तर किनाऱ्याने केनेडी टाउन ते शाउ केई वान, जवळपास १३ किलोमीटर, शिवाय एक फाटा हॅपी व्हॅलीला. भाडं कुठूनही कुठेही एकच, ३.३० हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपले चाळीस रुपयेही नाहीत, आणि यापेक्षा स्वस्तात या शहरात काही मिळत असेल असं मला वाटत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा महाग पडते. मागून चढायचं, पुढून उतरायचं, पैसे उतरताना द्यायचे. अडचण अशी की गर्दीत वरच्या मजल्यावर बसलात तर उतरायच्या दोन स्टॉप आधीच खाली सरकायला लागा, जिना एवढासा आणि पुढच्या दारापर्यंत पोचायला सगळ्यांच्या बॅगांमधून वाट काढावी लागते. बहुतेक ट्रामना एसी नाही, खिडक्या उघड्या, जुलै-ऑगस्टमध्ये सिग्नलला थांबली की घामाच्या धारा. आणि स्लो आहे, खूप स्लो, घाईत असाल तर चढूच नका. पण घाई नसेल तर वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडायची, पैसा वसूल.

स्टार फेरीबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण तिथे आपला संबंध आहे. आमच्या बाजूच्या चिम शा चुईहून पलीकडे आयलंडवर सेंट्रलला, आणि तिथूनच वान चायला. ही कंपनी १८८८ मध्ये मुंबईहून आलेल्या दोराबजी नौरोजी मिठाईवाला नावाच्या पारशाने सुरू केली, तेव्हा नाव कौलून फेरी होतं, १८९८ ला स्टार फेरी झालं. बोटींच्या नावात आजही प्रत्येकीच्या शेवटी स्टार. १९६६ मध्ये वरच्या वर्गाचं तिकीट फक्त ५ सेंटने वाढवलं म्हणून इथे आंदोलन होऊन पुढे दंगल पेटली होती, यावरून भाड्याचा विषय इथल्या लोकांना किती लागतो ते कळेल. आताही वीकडेला वरच्या डेकचे ५ डॉलर आणि खालच्या डेकचे ४, शनिवार-रविवारी थोडं जास्त. एमटीआरने तेच पाणी ओलांडायला दुपटीहून जास्त पडतात. बोट दोन्ही टोकांकडून सारखीच असते, वळत नाही, त्यामुळे बाकांची पाठ इकडून तिकडे ढकलता येते. चढल्या चढल्या लोक खटाखट पाठी उलट्या करून तोंड पुढच्या दिशेला करतात, पाहुण्यांना तेही करून बघायचं असतं, माझ्या बाबांनी तर उगाच दोन-तीन बाकांची पाठ फिरवून बघितली. धक्क्याला लागताना निळ्या खलाशी ड्रेसमधला माणूस लांब काठीच्या आकड्याने दोर ओढून घेतो, ते काम बघत राहावं असं आहे.

आता मिनीबस. इथे नवीन आलेला माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो मिनीबसला, आणि थोडं बरोबरच आहे. हिरव्या टपाची म्हणजे रूट आणि भाडं ठरलेलं, ऑक्टोपस (इथलं टॅप करायचं प्रीपेड कार्ड) चालतं, घ्या बिनधास्त. लाल टपाची म्हणजे भाडं मालकाच्या मर्जीचं, पाटी बहुतेक चिनी भाषेत, तिच्या वाटेला मी ओळखीचं कोणी बरोबर असल्याशिवाय जात नाही. सीटा १६ किंवा नव्या गाड्यांना १९, उभं राहायला परवानगी नाही, भरली की थांबत नाही, समोरून हात हलवून निघून जाते. सकाळी मधल्या स्टॉपवर उभे असाल तर एकामागून एक भरलेल्या गाड्या जाताना बघायची तयारी ठेवा. काही गाड्यांना बेलचं बटण असतं, नसेल तर ओरडावं लागतं, "याउ लॉक", म्हणजे उतरायचंय. पहिल्या पहिल्यांदा माझा आवाजच फुटायचा नाही, आता मी असं ओरडते की नवरा म्हणतो जरा हळू. चालवतात मात्र जोरात. समोर सगळ्यांना दिसेल असा स्पीडचा आकडा लावलेला असतो, तो बघून भीती कमी होते की वाढते हे तुमच्या स्वभावावर. सीटबेल्ट आहे, लावा.

डोंगरावरच्या काही वस्त्यांना मात्र मिनीबसशिवाय फारसा पर्याय नाही. हे शहर नकाशावर बघून कळत नाही कारण नकाशात चढ दिसत नाही. पाचशे मीटर म्हणून चालायला लागावं आणि पुढ्यात दीडशे पायऱ्या. सेंट्रलहून मिड-लेव्हल्स या चढावरच्या वस्तीला जायला उघड्या रस्त्यावरून चढणारे सरकते जिने आहेत, १९९३ पासून, एकामागून एक मिळून ८०० मीटर. सकाळी ६ ते १० ते खाली येतात आणि त्यानंतर रात्री बारापर्यंत वर जातात, त्यामुळे सकाळी नऊला वर जायचं असेल तर पायऱ्या आहेतच तुमच्या नशिबात.

बस मला एमटीआरपेक्षा जास्त उपयोगी वाटते आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सगळ्या जवळजवळ डबलडेकर, वर जागा मिळाली की समोर काच आणि खाली शहर. नंबर नीट समजून घेतले तर अर्धी लढाई जिंकलीच. पाणी ओलांडणाऱ्या बसेसचे नंबर तीन आकडी असतात, १ ने सुरू होणारा असेल तर हुंग हॉमच्या जुन्या बोगद्यातून (१९७२ चा), ६ ने सुरू होणारा पूर्वेच्या बोगद्यातून, ९ ने सुरू होणारा पश्चिमेच्या. आधी ए असेल तर एअरपोर्ट, एन असेल तर रात्रीची. आमच्याकडून १०६ नंबर बिन-बदलीची थेट क्वारी बेला सोडते, पाऊस असला की मी तीच घेते. पण संध्याकाळी जुन्या बोगद्याच्या तोंडाशी जी कोंडी होते ती काही औरच, तेव्हा वर बसून सिरीज बघायची आणि वेळेचा विचार सोडून द्यायचा. भाडं चढतानाच कापलं जातं आणि बस शेवटच्या स्टॉपच्या जितकी जवळ तितकं कमी होत जातं, म्हणजे सुरुवातीला चढून पुढच्याच स्टॉपला उतरलात तरी पूर्ण लांबीचे पैसे. दोन स्टॉपसाठी लांब पल्ल्याची बस पकडू नये हे त्यातून शिकायचं. रोख दिलेत तर सुटे परत मिळत नाहीत. किती मिनिटात येईल ते ॲपवर दिसतं आणि ते बहुतेक वेळा खरं असतं, पुण्याहून आलेल्या माणसाला यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

एमटीआरला एवढं बोलले तर तिचं चांगलंही सांगते. भरवशाची आहे, स्टेशनांवर पाट्या इंग्रजीत आहेत, घोषणा इंग्रजीतही होते, मॉंग कॉक आणि प्रिन्स एडवर्डला लाइन बदलायची तर बऱ्याचदा फक्त समोरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं. डब्यात खाणंपिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही. एसी मात्र एवढा गार की मे महिन्यातही बॅगेत स्टोल ठेवावा लागतो. एक्झिट नंबर आधी बघून ठेवा, ए, बी, सी१, डी२ असं असतं, चुकीच्या एक्झिटने वर आलात तर मध्ये सहापदरी रस्ता आणि क्रॉसिंग लांब. सेंट्रल आणि हाँगकाँग, चिम शा चुई आणि ईस्ट चिम शा चुई, ही नकाशात एकाच ठिपक्यासारखी दिसतात, पण मधला भुयारी रस्ता चांगलाच लांब आहे, सासूबाईंनी मध्येच बसायला जागा शोधली होती. आणि ईस्ट रेल लाइनला एक डबा फर्स्ट क्लासचा असतो, तो रिकामा दिसतो म्हणून शिरू नका, त्याचं जादा भाडं वेगळ्या मशीनवर टॅप करावं लागतं, नाही केलं आणि तपासनीस आला तर दंड.

ऑक्टोपस कार्डाबद्दल नवीन काय सांगणार, १९९७ पासून आहे, ट्राम, फेरी, बस, मेट्रो, सेव्हन इलेव्हन, बेकरी, सगळीकडे चालतं. पन्नास डॉलर डिपॉझिट. बॅलन्स थोडा कमी पडला तरी एकदा गेटमधून सोडतं, डिपॉझिटमधून वजा होतं, हे फार माणुसकीचं वाटलं मला. फोनमध्येही घेता येतं, पण पाहुण्यांना प्लॅस्टिकचंच द्या, बॅटरी संपली की रडारड नको.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. वादळाचा ८ नंबरचा सिग्नल लागला की फेरी, ट्राम, बस हळूहळू बंद होतात. सिग्नल लागायच्या आधी वेधशाळा सांगते आणि अख्खं शहर एकाच वेळी घरी निघतं, तेव्हाची गर्दी दादरला संध्याकाळी सहाला असते तशीच, फक्त आवाज कमी. एमटीआर कमी गाड्यांनी चालू राहते. त्या दिवशी माझ्यासारखे फेरीने जाणारे सगळे निमूटपणे तीन बदल्या करत एमटीआरनेच येतात.

आई-बाबा आले तेव्हा एअरपोर्ट एक्स्प्रेस न घेता ए२१ बसने आणलं. चिम शा चुईवरून जाऊन हुंग हॉम स्टेशनपर्यंत येते, वेळ जास्त लागतो पण पैसे फारच कमी लागतात, आणि मोठ्या बॅगा घेऊन लिफ्ट शोधत फिरावं लागत नाही. बॅगा खालच्या रॅकमध्ये टाकायच्या आणि वर जाऊन बसायचं, वरच्या मजल्यावर स्क्रीनवर तो रॅक दिसत असतो. बाबांनी पूर्ण रस्ता, पूल, समुद्र, कंटेनरची क्रेनं काही म्हणता काही बघितलं नाही, नजर सगळी त्या स्क्रीनवर, लोणच्याची बरणी होती ना बॅगेत.